बोटीचा ऑटोपायलट: उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. आमचं काम हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं. सिलिंडर, पंप, व्हॉल्व्ह. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या बोटींची स्टेअरिंगं दुरुस्तीला यायला लागली आणि त्यांच्या मागोमाग ऑटोपायलटही आले. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न ज्यानं जसे विचारले तसेच ठेवलेत.

समुद्र तर इथं नाही ओ. बेळगावात बोटीचं काम कसलं?

बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचावर आहे हे आम्हालाही शाळेत शिकवलंय. पण बोटीचं सुकाणू ढकलणारा सिलिंडर आणि ऊसतोडीच्या ट्रेलरची ट्रॉली उचलणारा सिलिंडर हे सख्खे चुलतभाऊ आहेत. सिलिंडरला समुद्र कळत नाही. त्याला तेल, सील आणि प्रेशर एवढंच कळतं, आणि ते बघणारी माणसं उद्यमबागेत गल्लोगल्ली आहेत. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की सावंतवाडी-वेंगुर्ला. मुंबईला पार्सल पाठवून महिनाभर वाट बघण्यापेक्षा लोक सकाळी सिलिंडर घेऊन येतात आणि जमलं तर संध्याकाळी परत जातात.

ऑटोपायलट नेमकं करतो काय?

बोटीचं नाक तुम्ही दिलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. एवढंच. तुम्ही २७० अंशांवर, म्हणजे सरळ पश्चिमेला, बोट लावलीत आणि ऑटोचं बटण दाबलंत की तो २७० धरतो. नाक २७४ कडे गेलं की सुकाणू थोडं उलटं देतो, परत आलं की सोडतो.

त्याचे अवयव चार. दिशा सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. हिशेब करणारा डबा. सुकाणू किती वळलंय ते कळवणारा फीडबॅक. आणि सुकाणू खरोखर हलवणारा पंप किंवा मोटर. बटणांची पट्टी तुमच्यासमोर असते म्हणून सगळे तिलाच ऑटोपायलट म्हणतात, पण ती नुसती पाटी-पेन्सिल आहे.

समोर खडक आहे, जाळं आहे, दुसरी होडी आहे, यातलं त्याला काहीही दिसत नाही. हीच गोष्ट पुढं वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा येईल, कंटाळू नका.

जीपीएस हाय की बोटीवर. मग वेगळं होकायंत्र कशाला घालायचं?

हा प्रश्न दहातले सात जण विचारतात आणि प्रश्न चांगला आहे. जीपीएस तुमची बोट कुठं *चाललीय* ते सांगतो. तिचं नाक कुठं *आहे* ते सांगत नाही. उभी बोट, किंवा अगदी सावकाश चाललेली बोट, यांच्या बाबतीत तर जीपीएसचा बाण येड्यासारखा फिरत असतो, कारण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेल्याशिवाय त्याला दिशा काढताच येत नाही.

आता हिशेब बघा. बोट पाण्यातून ६ नॉट (म्हणजे तासाला ६ समुद्री मैल) वेगानं पश्चिमेला चाललीय आणि प्रवाह २ नॉटचा दक्षिणेला आहे. नाक पश्चिमेला असलं तरी बोट प्रत्यक्षात साधारण १८ अंश दक्षिणेकडं झुकून चालते. होकायंत्र म्हणतं २७०, जीपीएस म्हणतो २५२. दोघंही खरं बोलतायत. सुकाणू हलवायला नाकाचा आकडा लागतो, तोही सेकंदात अनेक वेळा आणि न डगमगणारा. म्हणून होकायंत्र. महागड्या संचात त्याच्याच पोटात वळण्याचा वेग मोजणारा गायरो असतो. लाटांच्या समुद्रात त्याचा फरक डोळ्यांना दिसतो, तिथं पैसे वाचवू नका.

मग ‘ऑटो’ आणि ‘ट्रॅक’ यांत फरक काय?

वरच्याच उदाहरणात बोट ‘ऑटो’वर असेल तर तासाभरानं ती ठरल्या रेषेच्या २ मैल दक्षिणेला असेल, आणि ऑटोपायलट अगदी समाधानात असेल, कारण नाक २७० वरच आहे. ‘ट्रॅक’मध्ये तो जीपीएसकडून रेषेपासूनचं अंतर घेतो आणि नाक थोडं उत्तरेला ठेवून बोट तिरकी चालवत रेषेवर नेतो.

ट्रॅक जास्त हुशार म्हणून जास्त धोक्याचा. जीपीएसच्या नकाशावर तुम्ही टाकलेल्या दोन खुणांमधली रेषा तो सरळ कापतो, मध्ये वेंगुर्ल्याच्या बाहेरचे खडक असले तरी. खूण टाकल्यावर ती रेषा नकाशा मोठा करून हाताच्या बोटानं पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासा. आणखी एक. बोयाच्या (पाण्यात तरंगत ठेवलेल्या खुणेच्या) अचूक जागेवर खूण टाकू नका, शंभर-दीडशे मीटर बाजूला टाका. सगळ्यांनी तोच आकडा घातलेला असतो आणि आजकालचा जीपीएस इतका अचूक आहे की तुम्ही थेट बोयावर जाऊन आदळता, किंवा समोरून येणाऱ्या दुसऱ्या ऑटोपायलटवर.

आकड्यांवर आंधळा विश्वास किती महाग पडतो त्याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण १९९५ चं आहे. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर निखळली. यंत्रानं अंदाजानं आकडे द्यायला सुरुवात केली, आणि तसं पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलंसुद्धा. कुणी वाचलं नाही. ऑटोपायलट त्याच आकड्यांवर चालत राहिला. सुमारे ३४ तासांनी जहाज नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतलं, ठरल्या मार्गापासून १७ मैल लांब. होकायंत्रापासून इंजिनापर्यंत बाकी सगळं व्यवस्थित चालू होतं. एक वायर.

बोट सापासारखी वळवळत चालायलीय. डबा बदलू काय?

थांबा. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ करू नका. आमच्याकडं ‘खराब’ म्हणून आलेल्या डब्यांपैकी बहुतेक सगळे धडधाकट निघतात. वळवळण्याची कारणं या क्रमानं तपासा.

आधी हातानं चालवून बघा. स्टेअरिंग स्पंजासारखं लागतंय, चाकाला मोकळा झोल आहे, सुकाणू उशिरा हलतंय असं वाटलं तर तेलात हवा आहे. जे हाताला जमत नाही ते ऑटोपायलटलाही जमणार नाही.

मग फीडबॅकची काडी. सुकाणूच्या दांड्याला एक छोटी काडी जोडलेली असते, ती सुकाणू किती अंश वळलंय ते डब्याला कळवते. तिचा एक नट ढिला झाला की डब्याला वाटतं सुकाणू मध्यावर आहे, आणि प्रत्यक्षात ते पाच अंश डावीकडं असतं. हा दहा रुपयांच्या नायलॉक नटाचा आजार आहे. काडी बसवताना एक पथ्य: सुकाणूचा आडवा दांडा, फीडबॅकचा दांडा आणि मधली काडी मिळून समांतरभुज चौकोन व्हायला हवा, नाहीतर एका बाजूचे अंश दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळे मोजले जातात.

हे दोन्ही ठीक असेल तरच सेटिंगकडं या. तिथं मुख्य आकडे तीन.

पहिला म्हणजे किती चुकलं तर किती सुकाणू द्यायचं. याला बहुतेक यंत्रांत ‘गेन’ किंवा ‘रिस्पॉन्स’ म्हणतात. हा जास्त झाला की बोट दर वेळी पलीकडं जाते आणि सरळ रेषेचा नागमोडी रस्ता होतो. कमी झाला की बोट आळशी होते, भरकटते, मग सावकाश परत येते. वेगवान वळवळ म्हणजे आकडा जास्त, लांबलचक सुस्त वळवळ म्हणजे कमी. दोन-दोननं बदलून बघा, एकदम दहानं नको.

दुसरा ‘काउंटर रडर’. याची गोष्ट मला फार आवडते. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्यानं जहाजाच्या आपोआप सुकाणूवर एक निबंध लिहिला, आणि त्यानंतर अमेरिकी नौदलाच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याचे प्रयोग झाले. त्यानं केलं काय, तर मुरलेले सुकाणेवाले कसे चालवतात ते नीट बघितलं. नवा माणूस फक्त नाक किती चुकलंय ते बघतो. मुरलेला माणूस नाक किती *वेगानं* परत येतंय तेही बघतो, आणि जागेवर पोचायच्या आधीच चाक उलटं देतो, म्हणजे बोट बरोब्बर तिथं येऊन थांबते. शिवाय वारा किंवा प्रवाह सतत एकाच बाजूनं ढकलत असेल तर तो थोडं सुकाणू कायमचं त्या विरुद्ध धरून ठेवतो. चूक, ती चूक किती वेगानं बदलतेय ते, आणि साठत गेलेली चूक, या तिन्हींचा हिशेब. आज उद्यमबागेतल्या सीएनसी मशीनपासून फर्नेसच्या तापमानापर्यंत जिथं जिथं ‘पीआयडी’ (याच तिहेरी हिशेबाचं नाव) हा शब्द ऐकू येतो, त्याचं मूळ या सुकाणेवाल्यांच्या हातात आहे. तर, वळल्यावर बोट ठरल्या आकड्याच्या पुढं जाऊन परत येत असेल तर काउंटर रडर वाढवा. वळण संपायच्या आतच अडखळत असेल तर कमी करा.

तिसरा म्हणजे किती चूक सोडून द्यायची. लाटा असल्या की बोटीचं नाक चार-पाच अंश इकडं-तिकडं होणारच आणि स्वतःच परत येणार. प्रत्येक लाटेला उत्तर देत बसला तर पंप तापतो, बॅटरी उतरते आणि बोट काही सरळ होत नाही. समुद्र खवळलेला असेल तेव्हा ही सूट वाढवा.

एका दिशेला नीट चालते, दुसऱ्या दिशेला चुकते. असं कसं?

लोखंड किंवा चुंबक. पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणारं यंत्र जवळच्या चुंबकाला आधी ओळखणारच. स्पीकर, वायपरची मोटर, इंजिनचा स्टार्टर, नांगर, बर्फाच्या खोक्याची लोखंडी बिजागरी, आणि हो, मोबाइलचं चुंबकवालं कव्हर. होकायंत्र या सगळ्यांपासून निदान १ मीटर लांब, बोटीच्या मध्याजवळ, खालच्या बाजूला बसवा, म्हणजे ते कमी झुलतं. बोट लोखंडी असेल तर मात्र आत बसवून उपयोग नाही, वर मोकळ्यात बसवावं लागतं.

वेंगुर्ल्याच्या जेटीवर एकदा मी अख्खा दिवस घालवलाय. सकाळी आकडे बरोबर, दुपारनंतर पूर्वेला जाताना १२ अंशांचा फरक. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, माझ्याकडं बघतोय, मी डब्याकडं बघतोय. संध्याकाळी कळलं की डायल गेज (मापाचं घड्याळ) लावायचा माझाच मॅग्नेटिक बेस, म्हणजे चुंबकच, मी जेवायच्या आधी होकायंत्राखालच्या कप्प्यात ठेवला होता. तेव्हापासून बोटीवर चढताना माझी हत्यारांची पेटी खलाशी लोक मागे नेऊन ठेवतात, मी न सांगता.

कॅलिब्रेशनला गोल फिरवायचं म्हणजे नेमकं कसं?

सकाळी वारा पडलेला असताना, सपाट पाण्यात, बाकीच्या बोटींपासून लांब. कॅलिब्रेशन सुरू करा आणि अगदी सावकाश, एकसारखं वर्तुळ मारा. एका फेरीला निदान दोन-तीन मिनिटं लागायला हवीत. घाई केली की यंत्र नाकारतं आणि तुम्ही त्याला शिव्या देता. दोन-तीन फेऱ्यांत ते स्वतःच्या आसपासच्या लोखंडाचा हिशेब मांडतं आणि किती अंशांची चूक सापडली तो आकडा दाखवतं. तो आकडा मोठा, म्हणजे पंधराच्या वर आला, तर होकायंत्राची जागाच बदला.

नकाशातली उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांतला फरक आपल्या किनाऱ्यावर जेमतेम एक-दोन अंशांचा आहे, त्याची काळजी करू नका. दुसऱ्या देशांत हाच फरक दहा-वीस अंश असू शकतो, म्हणून इंटरनेटवरचे व्हिडिओ त्याच्यावर तासभर बोलतात.

पंप किती मोठा लागेल?

सिलिंडरचं माप घेऊन या, बोटीची लांबी सांगू नका. ‘बत्तीस फुटी बोट’ म्हटल्यानं काही कळत नाही.

समजा दोन्ही बाजूंनी रॉड निघालेला सिलिंडर आहे, बोअर ३८ मिमी, रॉड १६ मिमी, स्ट्रोक २०० मिमी. ३८ चा वर्ग १४४४, १६ चा वर्ग २५६, फरक ११८८. त्याला ०.७८५ नं गुणलं की ९३३ चौरस मिमी. त्याला स्ट्रोकनं गुणा आणि हजारानं भागा: १८७ सीसी. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ सेकंदांत जावं असं वाटत असेल तर मिनिटाला ९३५ सीसी, म्हणजे एक लिटरला थोडा कमी असा पंप हवा. छोट्या बोटींना हा वेळ साधारण १० ते १५ सेकंदांत बसवतात.

मोठा पंप बसवला तर काय बिघडतं, असं विचारणारे असतातच. बिघडतं. पंपानं एक झटका दिला की सुकाणू जास्तच जातं, मग उलटा झटका, मग परत. दिवसभर टक-टक-टक चालू राहतं. लहान पंप उशीर करतो, मोठा पंप उतावीळ असतो.

कारखान्यात ६८ नंबरचं तेल पडलंय, तेच घालू?

नको. ते आपल्या प्रेससाठी, जिथं तेल तापतं आणि टनांचा दाब असतो. बोटीच्या स्टेअरिंगचे पाइप बारीक, दाब कमी आणि चाक माणसानं हातानं फिरवायचं असतं. बहुतेक स्टेअरिंग बनवणारे १५ नंबरचं, पातळ तेल सांगतात. तुमच्या पंपावर किंवा पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. आणि ब्रेक ऑइल तर अजिबात नको. सील फुगतात, मऊ होतात आणि महिन्याभरात सगळं गळायला लागतं. असे सिलिंडर आमच्याकडं आले की आधी वासावरूनच कळतं.

हवा कशी काढायची?

दोन माणसं, एक पारदर्शक नळी, अर्धी बाटली तेल आणि भरपूर संयम. स्टेअरिंगच्या पंपाची टाकी भरलेली ठेवा, ती मध्येच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. सिलिंडरच्या एका बाजूचा ब्लीड निपल (हवा काढायचं छोटं तोंड) ढिला करा, चाक त्या बाजूला सावकाश फिरवत राहा, नळीतून बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद करा. मग दुसरी बाजू. त्यानंतर ऑटोपायलटचा पंप बटणांनी दोन्ही बाजूंना थोडा-थोडा चालवा, त्याच्या पोटातली हवा निघेल, आणि सिलिंडर पुन्हा एकदा ब्लीड करा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा. रात्रीतून बारीक बुडबुडे वर येऊन एकत्र होतात.

हवा सगळी निघाली तरी स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरल्यावर चाक हळूहळू सरकतच राहत असेल तर आतल्या आत गळती आहे. सिलिंडरचं पिस्टन सील किंवा लॉक व्हॉल्व्ह. तेव्हा इथं या.

पंप चालू झाला की स्क्रीनच बंद पडते. का?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पंप जोर लावताना १५ अँपिअर घेतो असं धरा. बॅटरीपासून पंप १० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वायर २० मीटर. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत त्या अंतराला ०.१४ ओहम अडथळा होतो, म्हणजे २.१ व्होल्ट रस्त्यातच संपले. १२.४ च्या बॅटरीतून पंपाच्या टोकाला जेमतेम १०.३ पोचतात. डबा म्हणतो ‘व्होल्टेज कमी’ आणि झोपतो. तीच वायर १० चौरस मिमीची घाला, नुकसान अर्ध्या व्होल्टवर येतं. कथील चढवलेली, बोटीसाठीची वायर घ्या. घरातली वायर खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून हिरवी होते. आणि जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत, बापा.

मागून मोठ्या लाटा असतील तर ऑटो ठेवू का?

नको, चाक हातात घ्या. समोरून येणारी लाट तुम्हाला आणि यंत्राला सारखीच भिडते. मागून येणारी लाट मात्र बोटीचा मागचा भाग उचलते आणि बाजूला ढकलते. ऑटोपायलटला ते कळतं, पण नाक वळायला लागल्यावर. अनुभवी तांडेल मान वळवून मागची लाट बघतो आणि ती पोचायच्या आधीच सुकाणू देतो. हा एक-दोन सेकंदांचाच फरक असतो, पण तेवढ्यात बोट आडवी होऊन लाटेखाली जाऊ शकते.

खाडीचं तोंड, जेटीजवळ, जाळी टाकलेला भाग, बोटींची गर्दी, धुकं, जोराचा पाऊस: इथंही हातानंच.

ऑटोवर टाकून जेवलं, झोपलं तर चालतं का?

जेवा, पण तोंड समोर करून. झोपायचं असेल तर दुसरा जागा पाहिजे. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक बोटीनं सतत डोळ्यांनी आणि कानांनी नीट नजर ठेवलीच पाहिजे. ऑटोपायलट बसवलेल्यांना सूट, असं त्यात कुठंही नाही. १० नॉटनं चाललेली बोट मिनिटाला ३०० मीटर जाते. चहा गाळेपर्यंत तीन मिनिटं गेली तर जवळजवळ एक किलोमीटर आंधळेपणानं कापलात.

मग लगेच कुणीतरी म्हणतं, एकट्यानं जगाची फेरी मारणारे काय करतात? आपल्याला या विषयाचा अभिमान असायला हरकत नाही. खानापूर तालुक्यातल्या देगावला उगम पावणाऱ्या म्हादईचं नाव घेतलेली नौदलाची शिडाची नौका, आयएनएसव्ही म्हादई, गोव्यात बांधलेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी एकट्यानं, कुठंही न थांबता. अशा प्रवासात सुकाणू यंत्राकडं द्यावंच लागतं, आणि झोपही तुकड्या-तुकड्यांत, मैलोन्मैल कुणी नसलेल्या महासागरात. वेंगुर्ला ते मालवण हा महासागर नाही. तिथं रात्री दिवा न लावलेल्या होड्यासुद्धा असतात.

कुणी पाण्यात पडलं तर आधी काय?

इंजिन न्यूट्रल. मग ‘स्टँडबाय’, म्हणजे ऑटो सोडवून सुकाणू हातात देणारं बटण. एकानं पडलेल्या माणसाकडं हाताचं बोट रोखून धरायचं आणि नजर हटवायची नाही. ऑटो चालू राहिला तर बोट इमानेइतबारे त्याच्यापासून लांब जात राहते. वळताना पडलेल्या माणसाच्या बाजूलाच वळवा, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो.

एकटे जाणाऱ्यांनी आउटबोर्डची (बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची) लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय ऑटोचं बटण दाबूच नये. तुम्ही पडलात तर दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. दोरी नसेल तर बोट २७० वर जात राहणार, तुमच्याविना.

ऑटो अडकला, सुटेना, तर?

‘स्टँडबाय’ दाबा. नाही सुटला तर ऑटोपायलटचा ब्रेकर पाडा. हायड्रॉलिकमध्ये बऱ्याच बोटींना ऑटो चालू असतानाही चाक फिरतं, पण यंत्र उलटं फिरवत राहतं आणि माणूस घाबरतो की स्टेअरिंग गेलं. म्हणून ब्रेकर कुठाय ते प्रत्येक खलाशाला अंधारात हात घालून सापडलं पाहिजे. त्यावर लाल टेप लावा.

१८ मार्च १९६७ ला ‘टॉरी कॅनियन’ हे प्रचंड तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर चढलं. आयत्या वेळी चाक फिरवलं तर जहाज वळेना, कारण हात की ऑटो हे ठरवणारा खटका हाताच्या जागी नव्हता. ते लक्षात येईपर्यंत वेळ गेली. एक लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं.

भाचा मर्चंट नेव्हीत लागलाय. मोठ्या जहाजावर पण असंच असतं का?

तत्त्व तेच, शिस्त जास्त. तिथं सोलास नावाचा, समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. १०,००० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्याहून मोठ्या जहाजांना ऑटोपायलट असावाच लागतो. गर्दीच्या किंवा कमी दिसणाऱ्या भागात हाताचं सुकाणू तत्काळ घेता आलं पाहिजे, हात-ऑटो बदल जबाबदार अधिकाऱ्यानं किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचा, आणि बराच वेळ ऑटोवर चालल्यानंतर हाताचं सुकाणू तपासायचं. मुख्य स्टेअरिंगनं सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० वर २८ सेकंदांत न्यायचं असतं. भाच्याला हे पाठ करायला सांगा, परीक्षेत विचारतात.

हिडकलच्या धरणात किंवा कृष्णेच्या नावेला बसवता येईल?

येईल, उपयोग नाही. पाच-दहा मिनिटांच्या अंतराला हात पुरे.

आणि ट्रॅक्टरला? चिक्कोडीत उसाच्या सऱ्या सरळ पाडायच्यात.

बोटीचा नाही चालणार. होकायंत्राचा १ अंश चुकला तर एक किलोमीटरच्या सरीच्या शेवटी तुम्ही १७ मीटर शेजाऱ्याच्या रानात असाल, आणि मग प्रश्न ऑटोपायलटचा राहत नाही. ट्रॅक्टरला आरटीके जीपीएसवाला संच लागतो, जो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा पकडतो. त्याचा स्टेअरिंग सिलिंडर मात्र आणा, तो आम्ही बघतो.

दुरुस्तीला कधी आणू? बसनं पाठवलं तर चालेल का?

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून सगळ्यांना १५ जुलैला आठवण येते. त्या पंधरवड्यात इथं उभं राहायला जागा नसते. बोट वर ओढली की त्याच आठवड्यात सिलिंडर काढा.

बसनं पाठवायचा तर तेल पूर्ण काढा, दोन्ही तोंडांना प्लास्टिकची बुचं मारा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. रॉड आत ढकलून त्याला सायकलची ट्यूब गुंडाळा, कारण रॉडवर एक ओरखडा पडला की नवं सीलही गळतं. कागदावर बोटीचं नाव, नंबर आणि तक्रार लिहून आत ठेवा. तक्रार म्हणून ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. कुठल्या बाजूला, तापल्यावर की थंड असताना, हातानं पण की फक्त ऑटोवर, हे लिहा. गेल्या वर्षी एका डब्यातून गळकं तेल कंडक्टरच्या तिकिटांच्या पिशवीवर गेलं होतं. तो कंडक्टर अजून आमच्याकडं बघून नमस्कार करत नाही.